नीलव्वाची जट आणि माझी प्रकृती

माझे नाव गुरुसिद्धप्पा मडिवाळप्पा कोनापुरे, वय वर्षे एकसष्ट, राहणार सोलापूर, आणि मी जिवंत आहे. हे, मंडळी, आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या गल्लीत या गोष्टीविषयी दोन मते आहेत. एक मत असे की मी योगायोगाने जिवंत आहे, आणि दुसरे असे की मी तूर्त जिवंत आहे. सकाळी दात घासण्यासाठी ओसरीवर आलो की समोरचा कल्लप्पा विचारतो, "काय गुरुसिद्धप्पा, लागली का झोप रात्री?" आता मला सांगा, माझ्या झोपेशी या गृहस्थाचा संबंध काय? शेजारची सायराबानू, म्हणजे टांगेवाल्या लालसाबची बायको, ती आडावर घागर ठेवता ठेवता म्हणते, "चाचा, छातीत कळ तो नई आती ना?" नाही येत. पण एखाद्याला रोज असे विचारीत राहिले, तर एके दिवशी ती येणार नाही कशावरून? संशय घेणे हा माझा स्वभाव नाही. मी फक्त लक्ष ठेवतो.

आणि कल्लप्पावर तर विशेषच लक्ष ठेवावे लागते, कारण आमच्या समाजात कोणी गेले की पुढाकार त्याचा. आम्ही लिंगायत, आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून पुरतात, तेव्हा खड्ड्याचे माप माणूस उभा किती यावर नव्हे, तर बसलेला किती यावर ठरते. आणि हा कल्लप्पा त्या दिवसांत, मी वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर बसलो की, समोरून माझ्या टाळूपासून खाली जमिनीपर्यंत एकदा नजर फिरवी, मग पुन्हा खालून वर. एकदा तर म्हणाला, "जरा ताठ बसा की. पोक काढून बसलं की नीट कळत न्हाय." मी विचारले, काय कळत नाही? तो म्हणाला, "तब्येत."

हे सर्व कशामुळे? आमच्या कुटुंबाच्या केसांमुळे. तिचे नाव मी घेत नाही. गल्ली तिला नीलव्वा म्हणते, तेवढे तुम्हाला पुरे. गेल्या भाद्रपदात तिला मुदतीचा ताप आला. ताप असा की माणूस ओळखीना. डोके रात्रंदिवस ओल्या फडक्यात गुंडाळलेले, मान हलवू देऊ नका असे वैद्यांनी बजावलेले, अशा स्थितीत फणी लावणार कोण आणि कधी? ताप उतरला, फडके सोडले, तेव्हा मानेवर केसांचा एक गोळा. गोळा म्हणजे कसा? नारळ सोलल्यावर शेंडी निघते ना, ती भिजवावी, तुडवावी आणि उन्हात वाळवावी, तसा. बोट आत शिरेना, सुई शिरेना. मी पाहिले आणि म्हणालो, "केस गुंतले." शेजारच्या बायकांनी पाहिले आणि म्हणाल्या, "जट आली." आता या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे पाहा! केस गुंतले तर ते सोडवायचे असतात. जट आली तर तिच्यापुढे नारळ फोडायचा असतो.

दुसऱ्याच दिवशी हुलिगव्वा जोगतीण दारात उभी. डोक्यावर यल्लम्माची परडी, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर भंडारा. हिला कोणी सांगितले? मी नाही सांगितले. आजारी माणूस अंथरुणावर, तिने नाही सांगितले. मग बातमी घरातून चालत गेली काय? पण संशय घेणे हा माझा स्वभाव नाही, म्हणून मी तिला आत येऊ दिले. तिने त्या गोळ्यावर भंडारा टाकला, डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाली, "आई आली हाय बाईच्या डोईवर. नशीब लागतंय त्याला. आता ह्याला फणी लावायची न्हाय, कातर लावायची न्हाय, मंगळवारी-शुक्रवारी चुलीम्होरं बसायचं न्हाय."

मी विचारले, "आणि लावली फणी तर?"

"तर घरधनी जातो."

"कुठे जातो?"

तिने फक्त वर पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले, जत्रेसाठी बोकड विकत घेणारा बोकडाकडे पाहतो तसे. आता तुम्हीच सांगा, केस तिचे, ताप तिला, देवी तिच्या डोक्यावर, आणि मरायचे मी? ही कोणती न्यायपद्धती? इंग्रज सरकारच्या कोर्टातसुद्धा आरोपीला निदान त्याचा गुन्हा वाचून दाखवितात.

मी हे तिला समजावून सांगितले. मी शाळेत गेलेलो नाही. किराणा दुकानात पुड्या बांधता बांधता रद्दीच्या कागदांवरून अक्षरे शिकलो, आणि घरची भाषा कानडी असल्यामुळे मराठी मी कोणाच्या तोंडून नव्हे, छापील कागदावरून उचलली, म्हणून ती तुमच्यापेक्षा शुद्ध आहे, राग मानू नका. तेव्हा मी त्या जोगतिणीला शुद्ध मराठीत सांगितले की बाई, ओलसर केस पुष्कळ दिवस विंचरले नाहीत तर त्यांचे असेच होते, यात दैवी असे काही नाही. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मालक लई शिकल्यालं हायत. लवकर जाणार." आणि परडी उचलून निघून गेली. झाले! संध्याकाळपर्यंत गल्लीला माझी तिथी तेवढी कळायची राहिली होती.

आणि त्यानंतर जे सुरू झाले त्याविषयी काय सांगू… पूर्वी रोज सायंकाळी गिरणीचा भोंगा झाला की काही मंडळी माझ्या ओसरीवर जमत. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी, शिवाय त्यातील चुकाही दाखवी. आता तीच मंडळी बायकांना घेऊन येत आणि माझ्यावरून सरळ आत जात. आत ती पाटावर बसलेली, पुढे खण, नारळ, लिंबे. कोणी विचारी, "नीलव्वा, म्हैस आटली, काय करू?" ती सांगे, "सरकी चार की." लोक नमस्कार करून जात. सरकी चारा हे मीही सांगितले असते! पण माझ्या डोक्यावर जट नव्हती. मंगळवारी आणि शुक्रवारी भाकरी मी करीत असे. ती तव्यावर असेपर्यंत एक राही, आणि उतरविताना तिच्या अनेक होत. मी पिठाच्या हातांनी दारात उभा राहून आत पाहत असे, आणि तुम्हाला सांगतो, ती हसत असे. जिला सारा जन्म कोणी म्हशीविषयीसुद्धा काही विचारले नाही, तिला आता जावयाच्या नोकरीविषयी विचारीत होते. हे तिला आवडत नसेल कशावरून? संशय नव्हे. लक्ष.

परंतु लक्ष ठेवले की नको ते दिसते. लोक गेले की ती भिंतीला कपाळ टेकून बसे. उताणे निजता येईना, कारण तो गोळा मानेत रुते. त्याखालचे कातडे कधी वाळतच नव्हते. ते चिघळू लागले, वास येऊ लागला. उवांचे म्हणाल, तर सर्वांत मोठा प्रसाद त्यांनाच मिळाला होता. वैद्यांना आणले. ते म्हणाले, "खालची जखम मोकळी झाली पाहिजे, गुरुसिद्धप्पा. नाहीतर ताप उलटेल, आणि उलटलेला ताप यांना झेपायचा नाही." मी म्हणालो, मग कापा, कातर मी देतो. तर वैद्य कातरीकडे पाहत म्हणाले, "माझा याच गावात दवाखाना आहे." न्हाव्याकडे गेलो, तर त्याने मला पाहूनच हत्यारांची पेटी मिटली. सायराबानूला विचारले, निदान तुला तरी यल्लम्माचे भय नसावे, ती म्हणाली, "चाचा, मैं हात नई लगाती. तुमचं काही झालं तर चाची मेरेकू जनमभर बोलंगी." म्हणजे पाहा, माझ्या मृत्यूविषयी सर्व धर्मांचे एकमत.

तेव्हा उरलो मी. मी म्हणालो, मी सोडवितो. तर ही म्हणाली, "नगो री." आमच्याकडे बायका नवऱ्याला 'अहो' न म्हणता 'री' म्हणतात. "नगो री. तुमच्या जिवाला काय झालं म्हंजे?"

ऐकायला गोड वाटते, नाही? मलाही क्षणभर वाटले. पण मग मी विचार केला, हिला नक्की कशाची चिंता आहे, माझ्या जिवाची की त्या नारळांची? जट सुटली तर म्हशी कोण आणणार तिच्याकडे? म्हणून मी तिला रोज थोडे थोडे समजावीत राहिलो, की हे सर्व खोटे आहे, केस म्हणजे केस, त्यांत देवी राहत नाही, राहिली असती तर उवांनी तिला राहू दिले नसते. ती ऐकून घेई आणि म्हणे, "नगो." मी पुन्हा सांगे. ती पुन्हा "नगो."

आणि मग एके सकाळी, मंडळी, मी ओसरीवर बसलो आहे, वर्तमानपत्र नुकतेच उघडले आहे, आणि ही तेलाची वाटी आणि लाकडी फणी माझ्यापुढे ठेवते आणि म्हणते, "सोडवा."

सोडवा? काल नको आणि आज सोडवा? मधल्या काळात घडले काय? आदल्या दिवशी घरी कोण आले होते? कल्लप्पाची बायको! आणि फणी लावली की नवरा जातो, हे जिच्या मनात पक्के बसले आहे, ती बाई स्वतःच्या हाताने नवऱ्यापुढे फणी आणून ठेवते, याचा अर्थ तुम्ही काय लावाल? संशय घेणे हा माझा स्वभाव नाही, पण मी घोटभर पाणी प्यालो.

मी म्हणालो, "नीट विचार केला आहेस ना?"

"तुमीच म्हणताय की, खोटं हाय म्हणून."

"खोटेच आहे."

"मग बसा की. भ्या वाटतंय व्हय?"

भय? मला? मी म्हणालो, तेल बरे नाही. हे करडईचे तेल खवट आहे, याने गुंता अधिकच घट्ट होईल. आणि मी स्वतः उठून तेल्याकडे गेलो, लांबच्या रस्त्याने गेलो, पाय मोकळे करणे प्रकृतीला चांगले असते. तेलाबरोबर लोणी घेतले, ते पानात बांधून वर त्याने कागद गुंडाळला, आणि त्या कागदावर, तुम्हाला खोटे वाटेल, छापलेले होते: 'स्त्रियांच्या केसांतील गुंता सोडविताना मुख्य सावधगिरी ही बाळगावी की,' आणि पुढे कागद फाटलेला! मी परत दुकानात गेलो, उरलेला तुकडा मागितला. तेली म्हणाला, तो मघाशी कोणाच्या तरी पेंडीबरोबर गेला. आता हे कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पण नेमका तेवढाच भाग कसा जातो?

मग परसात पाट मांडला. ती पाटावर, मी मागे तिवईवर, पाठीवर ऊन. लोणी आणि तेल एकत्र करून त्या गोळ्यावर चोळले, मुरू दिले. फणीचा उपयोगच नव्हता. मी दुकानातले पोती शिवायचे दाभण घेतले. सुतळीचे गुंते मी जन्मभर सोडविले आहेत, मंडळी. गुंता ओढायचा नसतो, ओढला की तो रागावतो. टोकाकडून सुरुवात करायची, एक एक धागा हलवून ढिला करायचा, मुळाकडे घाईने जायचे नाही. पहिली बट मोकळी झाली. मी थांबलो, छातीवर हात ठेवून पाहिला. भीतीने नव्हे. पडताळा म्हणून. ती समोर तोंड करून म्हणाली, "हाय का?"

"काय?"

"तुमी."

मी म्हणालो, "आहे."

असे रोज चालले. रोज थोडे तेल, थोडी बट, थोडा पडताळा. एकदा मला शिंक आली. साधी शिंक, उवा मारण्यासाठी लावलेल्या तंबाखूच्या पाण्याने आलेली. पण भिंतीपलीकडून कोणीतरी "अगं बाई" म्हणाले, आणि थोड्याच वेळात गल्ली ओलांडून आलेल्या कल्लप्पाचे डोके भिंतीवर उगवले. "काय न्हाय," तो म्हणाला, "सहज." सायराबानूने त्याच दिवशी आल्याचा काढा पाठविला, आणि लालसाब टांगा घेऊन दारात उभा राहिला; कोठे जायचे आहे विचारले, तर म्हणाला, "कुटं न्हाय चाचा. लागला तर असावा." मी त्याला म्हणालो की बाबा, मेल्यावर आमच्यात टांग्यातून नेत नाहीत. तो घोड्याची मान थोपटीत म्हणाला, "दवाखान्याला म्हणतो मी, चाचा." बघा, प्रत्येकाकडे उत्तर तयार होते.

पण गोळा लहान होत गेला. नारळाचे कवठ झाले, कवठाचे लिंबू झाले. खालची जखम उघडी पडली, वैद्यांनी लांबून पाहून मलम सांगितले, मी लावले, आणि एके दुपारी मी परसातून आत आलो तर ती उताणी निजलेली होती. घोरत होती. ताप आल्यापासून मी हिला उताणी निजलेली पाहिली नव्हती. मी उंबऱ्यावरच बसलो आणि वर्तमानपत्र उघडले नाही, त्याचा आवाज होतो म्हणून.

मग शेवटचा दिवस आला. कानामागे, केसांच्या मुळाशी, चिंचोक्याएवढी एक गाठ तेवढी उरली होती. जखम भरलेली, उवा गेलेल्या, ताप नाही. मी दाभण तेलात बुडविले, आणि माझ्या मनातला जो प्रश्न इतके दिवस राहिला होता तो, आता राहूनही काय उपयोग म्हणून, विचारून टाकला. मी म्हणालो, "तू तयार कशी झालीस? आधी नको म्हणत होतीस."

ती म्हणाली, "मी आईशी बोलून ठिवलंय."

"यल्लम्माशी?"

"व्हय."

"काय बोललीस?"

तिने डोके हलवू नये म्हणून मी धरून ठेवले होते, तशीच समोर भिंतीकडे पाहत ती म्हणाली, "म्हनलं, ह्यांना नेऊन तुला सुख लागायचं न्हाय बघ. दिसभर तुझ्या चुका काढत बसतील. तुझी आरती म्हनली तर म्हनतील, अशुद्ध हाय. त्यापेक्षा ही जट पुरी सुटली की मला ने. मी गप ऱ्हाईन."

मंडळी, हे ऐकून माणसाने काय समजावे? ही स्तुती आहे की निंदा? इतकी वर्षे संसार केला, आणि माझी शिफारस देवीकडे केली ती अशी! मी विचारले, "मग ती काय म्हणाली?" पाहा, मी विचारतो आहे. जिचे असणेच मला मान्य नाही, तिचे उत्तर मी विचारतो आहे.

"काय म्हणती? गप ऱ्हायली. तुमच्यागत मधी बोलत न्हाय ती."

माझ्या हातात दाभण, दाभणाच्या टोकाला ती गाठ, आणि गाठ अशी सैल की दोनदा हलविली असती तर सुटली असती. माझा यावर विश्वास नाही. मुळीच नाही. तेव्हाही नव्हता, आताही नाही. हे खोटे आहे, हे मी जोगतिणीला सांगितले, वैद्यांना सांगितले, तुम्हालाही सांगतो. मी रोज एक एक बट सोडवीत गेलो, आणि मला काही झाले का? नाही. मग हिला तरी काय होणार? काही नाही. पण तो व्यवहार माझ्याशी झालेला नव्हता ना! माझ्या नावाचा असता तर मी ती गाठ तुमच्यासमोर सोडून दाखविली असती, कल्लप्पालाही भिंतीवर बोलावले असते. तो व्यवहार त्या दोघींमधला, माझ्या पाठीमागे झालेला, एक बोलते आणि दुसरी गप्प राहते… आणि जी गप्प राहते तिचे उत्तर हो आहे की नाही हे कोणी ठरवायचे?

ती म्हणाली, "झालं?"

मी दाभण वाटीत ठेवले. म्हणालो, "झाले."

तिने हात मागे नेला. सगळ्या केसांतून बोटे फिरविली, मानेवरून, वरून, मग कानामागे. तेथे बोटे थांबली. थांबली, एवढे मी पाहिले. मग तिने हात काढून पदराला पुसला. तिला कळले की नाही? कळले असेल तर ती बोलली का नाही? आणि नसेल कळले तर बोटे थांबली का? मंडळी, मी तुम्हाला सांगतो, माझ्या जन्मात प्रथमच मी विचारले नाही.

ती म्हणाली, "वेणी घाला की मग." मी म्हणालो, मला येत नाही. ती म्हणाली, "सुतळीचा पीळ घालता येतोय न्हवं?"

गल्लीत मी जाहीर केले की जट संपूर्ण सुटलेली आहे आणि मी धडधाकट आहे. हुलिगव्वा येऊन पाहून गेली, तिला माझे जिवंत असणे आवडले नाही, पण तिने तोंडावर तसे सांगितले नाही. कल्लप्पा अजूनही माझ्या बसण्याकडे पाहतो. बायका-पोरी नीलव्वाकडे म्हशींसाठी अजून येतात, आणि कोणी मायेने म्हणाली की या, मी तुमचे केस विंचरून देते, तर मी मध्ये पडून नको म्हणतो. कारण परक्या बोटाला कानामागचे ते काही लागले, तर उद्या गल्लीत काय म्हणतील हे मला ठाऊक आहे. ते त्या आतल्या बटांत नीट झाकून, वरून पेड घालून अंबाडा बांधावा लागतो, आणि ते काम दुसऱ्या कोणावर सोपविता येण्यासारखे नाही.

तेव्हा बदल झाला तो एवढाच. पूर्वी तिची वेणी ती स्वतः घालीत असे. आता रोज सकाळी मी घालतो, आणि चुका ती काढते.